टाकी-लॉगरच्या नोंदी: लाइट आल्यावर कोण आधी उठतं

सेटअप थोडक्यात सांगतो. सोसायटीच्या पंप रूममध्ये रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसता ‘पाय’). गच्चीवरच्या टाकीत अल्ट्रासॉनिक सेन्सर, तो ईएसपी३२ ला (वायफायवाला छोटा बोर्ड, पुढे ‘ईएसपी’) जोडलेला, तिथून वायफायने एमक्यूटीटीचे (उपकरणांनी छोटे मेसेज पाठवायची पद्धत) मेसेज येतात, पायवरचा मॉस्किटो ते घेतो, माझा पायथनचा कलेक्टर ते पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरतो आणि ग्राफानावर आलेख दिसतो. ओएस बुकवर्म, म्हणजे डेबियन १२, त्यात कुठली सर्व्हिस कधी सुरू करायची हे बघणारा सिस्टिमडी, आवृत्ती २५२. डेटा एका जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर, यूएसबीच्या डबीत. टँकर कधी सांगायचा हे आधी सेक्रेटरी काका गच्चीत जाऊन झाकण उघडून ठरवायचे, आता मोबाइलवर बघतात. निदान बघायला मिळावं एवढीच अपेक्षा.

५ जून २०२५, गुरुवार

आमच्याकडे गुरुवार म्हणजे मेंटेनन्सचा वार, सकाळी दहाला लाइट जाते ती दुपारी तीन-चारला येते. आज ३:२० ला आली. संध्याकाळी सातला सेक्रेटरी काकांचा फोन, "अरे ते तुझं मशीन सकाळपासून ७२ टक्केच दाखवतंय आणि इकडे तिसऱ्या मजल्याच्या नळाला पाणी नाही." गेलो चपला घालून तसाच. पाय चालू, दिवे लागलेले, एसएसएच (दुरून लॉगिन) पण लागतंय, पण कलेक्टर झोपलेला. मग जे सगळे करतात तेच केलं, रीबूट मारला. मिनिटभरात सगळं सुरू. काकांना सांगितलं, लाइटमुळे होतं कधीकधी.

घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा आठवलं की लॉग बघितलेच नाहीत. बघायला गेलो तर माझ्या इन्स्टॉलवर जर्नल (सिस्टिमडी लॉग ठेवतो ती वही) रॅममध्येच होता, रीबूटबरोबर सगळा गेला. पुरावा मीच पुसला. जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये स्टोरेज=पर्सिस्टंट करून ठेवलं आणि झोपलो.

६ जून

सात वेळा रीबूट केला. सातही वेळा सगळं बिनबोभाट सुरू. वैताग.

७ जून, शनिवार

आंघोळ करताना ट्यूब पेटली. मी रीबूट करतो तेव्हा राउटर चालूच असतो, हार्ड डिस्क फिरतच असते आणि घड्याळ बरोबर असतं. लाइट जाऊन येते तेव्हा यातलं एकही खरं नसतं. म्हणजे सात वेळा मी जी परीक्षा घेतली ती वेगळ्याच विषयाची होती.

वॉचमन काकांना गाठलं, म्हणलं पंप रूम आणि ऑफिस दोन्हीचा मेन एकदम पाडायचा आणि दहा मिनिटांनी एकदम टाकायचा. ते म्हणाले, "लिफ्टचा नको ना पाडू? मग पाडा." चालू पोस्टग्रेसचा असा गळा आवळणं जिवावर आलं होतं, पोस्टग्रेस स्वतः सहन करतो, एसडी कार्डाचं देव जाणे. मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. पाय २५ सेकंदात वर आला. राउटर २ मिनिटं १० सेकंदांनी. पहिल्याच फटक्यात मॉस्किटो मेलेला सापडला, आणि या वेळी लॉग शाबूत.

मॉस्किटोच्या २.० पासून कॉन्फिगमध्ये लिसनर (कुठे ऐकायचं ती ओळ) लिहिला नाही तर तो फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनमधलं, ऐकतो, म्हणून मी मागे कॉन्फिगमध्ये लिसनर १८८३ आणि पुढे पायचा ठरलेला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.५० असं टाकलेलं. राउटर बंद, म्हणजे केबलवर लिंक नाही, म्हणजे नेटवर्कमॅनेजरने आयपी दिलाच नाही, म्हणजे मॉस्किटो जो पत्ता मागतोय तो या मशीनवर नाहीच. ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’. मेला. सिस्टिमडीने लगेच उठवला, परत मेला, असं पाच वेळा, आणि मग ती प्रसिद्ध ओळ, ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’. डिफॉल्ट काय तर दोन प्रयत्नांमध्ये १०० मिलिसेकंद, आणि १० सेकंदांत पाच वेळा सुरू करून झालं की हात वर. पाच प्रयत्न दोन सेकंदांत संपले, आणि राउटर अजून डोळे चोळतोय.

८ जून, रविवार

मॉस्किटोच्या युनिटमध्ये (सर्व्हिसची सिस्टिमडीसाठीची फाइल) आफ्टर=नेटवर्क.टार्गेट आहे, आफ्टर म्हणजे ‘याच्या नंतर’, टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा. इतकी वर्षं मी याचा अर्थ ‘नेटवर्क आल्यावर’ असा धरून चाललो होतो. तो तसा नाही. नेटवर्क सांभाळणारी सर्व्हिस सुरू झालीये, एवढंच ते टार्गेट सांगतं, आयपी मिळाला की नाही, केबल लागली की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याचा खरा उपयोग शटडाउनच्या वेळी, क्रम उलटा होतो ना, म्हणजे तुमची सर्व्हिस बंद होईपर्यंत नेटवर्क काढलं जात नाही.

‘आल्यावर’साठी वेगळं आहे, नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट. आणि तिथे नुसतं आफ्टर लिहून चालत नाही, वॉन्ट्स (‘हेही सुरू करा’) पण लिहावं लागतं, कारण ते टार्गेट कोणी मागितल्याशिवाय बूटमध्ये येतच नाही. आणि जो येणारच नाही त्याच्या ‘नंतर’ याला काही अर्थ नाही. लिहिलं दोन्ही. मेन पाडला, टाकला. मॉस्किटो परत मेला.

आता मात्र चक्रावलो. लॉगमध्ये नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन सहा सेकंदांत ‘यशस्वी’. केबल मेलेली, आयपी नाही, तरी यशस्वी! मॅन पेज उघडून शांतपणे वाचलं. ती सर्व्हिस एनएम-ऑनलाइनला ‘-एस’ लावून चालवते, म्हणजे ती नेटवर्कची वाट बघत नाही, नेटवर्कमॅनेजरचं स्वतःचं स्टार्टअप संपायची वाट बघते, आणि सध्याच्या परिस्थितीत जेवढी कनेक्शनं शक्य आहेत तेवढी लावून झाली की स्टार्टअप संपलं. माझ्या परिस्थितीत शक्य कनेक्शनं शून्य. शून्य कनेक्शनं लावून झाली, काम फत्ते. आपल्याकडे सरकारी फॉर्मवर ‘लागू नाही’ लिहिलं की तो रकाना भरला धरतात ना, तसं. आणि समजा ती थांबली असती तरी तिची कमाल मर्यादा ६० सेकंद, राउटरला लागतात १३०.

शेवटी वाट बघणं सोडलं. लिसनरमधला आयपी काढून टाकला, मॉस्किटो आता सगळ्या पत्त्यांवर ऐकतो, फायरवॉलने बाहेरचं बंद केलं. पत्ता येवो न येवो, तो आधीच दार उघडून बसलेला. ज्यांना ठरावीक आयपीलाच बांधायचंय त्यांना कर्नलचं आयपी-नॉनलोकल-बाइंड आहे, सॉकेट युनिट असेल तर फ्रीबाइंड आहे. मला गरज नाही.

११ जून

पण मग एक प्रश्न राहतोच. मॉस्किटो मेला ते समजलं, पण कलेक्टर का सुरू झाला नाही? त्यात तर रीस्टार्ट=ऑलवेज आहे, रीस्टार्टसेक=१० आहे, म्हणजे पडला की दहा सेकंदांनी परत उठवा. पाच तारखेला साडेतीन ते सात, एकदाही प्रयत्न केला नसेल?

नाही केला. मुद्दाम मॉस्किटोचं कॉन्फिग बिघडवून बघितलं. कलेक्टरमध्ये मी मोठ्या तोऱ्यात रिक्वायर्स=मॉस्किटो (तो नाही तर मी पण नाही) लिहिलेलं, आणि आफ्टर पण. मॉस्किटोचा पहिला प्रयत्न फसला की कलेक्टरचं काम ‘डिपेंडन्सी फेल्ड’ म्हणून रद्द. आणि इथे खरी मेख आहे: रीस्टार्ट= हे सुरू होऊन पडलेल्या प्रोसेससाठी आहे. कलेक्टर पडलाच नाही, तो सुरूच झाला नाही, त्यामुळे त्याला उठवायचा प्रश्नच येत नाही. पुढे मॉस्किटो दुसऱ्या प्रयत्नात उठला तरी कलेक्टरला कोणी हाक मारत नाही. सिस्टिमडी २५४ मध्ये रीस्टार्टमोड=डायरेक्ट आलंय याच दुखण्यावर, म्हणजे मधला ‘फेल्ड’ टप्पाच गाळायचा, पण आपल्याकडे २५२.

त्यात भर म्हणजे सिस्टिमसीटीएल --फेल्ड मारलं तर यादीत मॉस्किटो आहे, कलेक्टर नाही. कारण तो ‘फेल्ड’ नाहीये, तो ‘इनॲक्टिव्ह’ आहे, करड्या रंगाचा ठिपका. लग्नाला बोलावलंच नाही तर गैरहजर कसा म्हणणार.

रिक्वायर्स काढून वॉन्ट्स केलं. मॉस्किटो नसेल तर कलेक्टर दर पाच सेकंदांनी कनेक्ट करून बघेल, एवढं त्याला जमतं. खरं तर आधीपासून जमत होतं, मीच त्याचे पाय बांधले होते. मॉस्किटोला पण रीस्टार्टसेक=१० दिलं. स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=० टाकायला गेलो आणि सवयीने ते [सर्व्हिस] खाली टाकलं, तर ‘अननोन की नेम... इग्नोरिंग’ अशी ओळ लॉगमध्ये गपचूप पडली. ते [युनिट] खाली जातं. मग लक्षात आलं की प्रयत्नांमध्ये दहा सेकंद असतील तर दहा सेकंदांत पाच प्रयत्न होणारच नाहीत, मर्यादा आपोआप निकामी. काढून टाकलं.

१२ जून, गुरुवार

खरी परीक्षा. लाइट १०:०५ ला गेली, ३:४० ला आली. मी ऑफिसमधून बघतोय. मॉस्किटो चालू. कलेक्टर चालू. ग्राफाना रिकामा.

सिस्टिमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेस्क्यूएल: हिरवा ठिपका, ‘ॲक्टिव्ह (एक्झिटेड)’. दहा मिनिटं मी त्या हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवून ग्राफानाला शिव्या घालत होतो. नंतर पीजी-एलएसक्लस्टर्स मारलं, ते पोस्टग्रेसच्या प्रत्येक क्लस्टरची (चालणाऱ्या डेटाबेसची) खरी स्थिती दाखवतं, तर १५ मेन, ‘डाउन’.

डेबियनवर पोस्टग्रेस्क्यूएल.सर्व्हिस हा नुसता नामधारी आहे, तो /बिन/ट्रू (काही न करता ‘यशस्वी’ म्हणणारा प्रोग्राम) चालवतो आणि गप्प बसतो, खरा डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल@१५-मेन या नावाने चालतो. कितीही क्लस्टर असले तरी एका नावाने चालू-बंद करता यावेत म्हणून ही सोय. त्या खऱ्या युनिटमध्ये एक्झेकस्टार्टच्या कमांडच्या आधी एक छोटीशी आडवी रेघ आहे, म्हणजे सुरू करताना अपयश आलं तरी दुर्लक्ष करा, कारण क्रॅशनंतरची रिकव्हरी कितीही वेळ घेऊ शकते. कारण पटतं. पण आफ्टर=पोस्टग्रेस्क्यूएल.सर्व्हिस लिहून आपण काय विकत घेतलं हे बघून घ्यावं.

आणि तो डाउन का? लॉगमध्ये, डेटा डिरेक्टरी सापडत नाही. डिस्क माउंट झाली (आपल्या फोल्डरला जोडली गेली) पोस्टग्रेसच्या प्रयत्नानंतर अकरा सेकंदांनी. थंड डिस्क आधी गरगरायला वेळ घेते, आणि लाइट अचानक गेलेली असल्याने ईएक्सटी४ चा जर्नल परत वाचला जातो, त्यात अजून थोडा. रीबूटमध्ये यातलं काहीच होत नाही.

१४ जून, शनिवार

एफस्टॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची ती यादी) त्या डिस्कच्या ओळीत नोफेल आहे. तो मीच टाकलाय, आणि कारणाने टाकलाय. मागच्या वर्षी एकदा डिस्कची केबल सैल झाली, पायने ९० सेकंद डिस्कची वाट बघितली आणि मग सरळ इमर्जन्सी मोडमध्ये गेला, तिथे ना मॉनिटर ना कीबोर्ड. तेव्हापासून नोफेल. पण नोफेलचा दुसरा अर्थ मी कधी वाचला नव्हता: डिस्क आली नाही तरी चालेल एवढंच नाही, तर लोकल-एफएस.टार्गेट (डिस्का माउंट झाल्याचा टप्पा) तिच्यासाठी थांबणार पण नाही. क्रमच सुटतो. म्हणजे बाकी सगळं बूट पुढे निघून जातं आणि डिस्क मागून धापा टाकत येते.

आता खरं घाणेरडं प्रकरण. डेटाबेस बंद असेल तर कलेक्टर सीएसव्हीमध्ये (साधी मजकुराची फाइल) लिहितो, ही माझीच हुशारी, फाइल /एमएनटी/डिस्क/सीएसव्ही मध्ये. गुरुवारी संध्याकाळी डेटाबेस हाताने सुरू केला आणि सीएसव्ही आयात करायला गेलो तर फोल्डरमध्ये त्या दिवसाची फाइलच नाही. पण कलेक्टरच्या लॉगमध्ये स्पष्ट, ‘लिहिलं, लिहिलं, लिहिलं’. कुठे किती जागा भरलीये ते बघायला डीएफ मारलं तर डिस्क जशीच्या तशी, एसडी कार्ड मात्र थोडं भरलेलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कलेक्टर उठला तेव्हा माउंट झालेलं नव्हतं, तिथे एसडी कार्डावरचं रिकामं फोल्डर होतं, माझ्या कोडने इमानदारीत त्यात सीएसव्ही नावाचं फोल्डर बनवलं आणि लिहायला बसला. अकरा सेकंदांनी डिस्क त्याच्यावर येऊन बसली. खालची फाइल झाकली गेली, पण कलेक्टरच्या हातात ती आधीच उघडी होती, त्यामुळे तो तीन तास पांघरुणाखाली लिहीत होता.

ती बाहेर काढायला रूटला दुसरीकडे बाइंड माउंट केलं (माउंट --बाइंड / /टीएमपी/रूट), कारण बाइंडमध्ये वरची माउंट सोबत येत नाहीत, आणि त्यात एमएनटी/डिस्क उघडलं. फाइल तिथेच होती. आणि ती एकटी नव्हती! मार्चपासूनच्या नऊ फाइली, एकाखाली एक. म्हणजे हे आधीपासून चालू होतं आणि मी दर वेळी ‘सेन्सर मधेच बंद पडतो’ म्हणून ईएसपीवाल्या भागाला नावं ठेवत होतो. सेन्सर बिचारा निर्दोष.

१५ जून, रविवार

दुरुस्ती दोन ओळींची. पोस्टग्रेस्क्यूएल@१५-मेन ला ड्रॉप-इन (मूळ युनिटला जोडायची छोटी फाइल), त्यात रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/डिस्क. कलेक्टरला पण तेच. ही ओळ दोन्ही देते, माउंट हवंच आणि त्याच्या नंतरच, आणि नोफेल असलं तरी चालते. पॅकेजच्या युनिटमध्ये ही ओळ असतेच, पण ती /वार/लिब/पोस्टग्रेस्क्यूएल साठी, मी डेटा हलवला हे त्याला कुठून कळणार. एफस्टॅबमध्ये एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=३०एस केलं, डिस्क मेलीच असेल तर दीड मिनिट ताटकळत बसायला नको.

आणि डिस्क काढून ठेवून त्या रिकाम्या फोल्डरला सीएचॲटर +आय मारलं. आता माउंट नसताना तिथे रूटसुद्धा लिहू शकत नाही. हे आधीच करायला हवं होतं, प्रत्येक माउंट पॉइंटला करावं असं माझं मत झालंय.

सीएसव्ही मात्र तरीही त्या डिस्कवर असण्यात अर्थ नाही, डिस्क नसेल तर डेटाबेस पण नाही आणि सीएसव्ही पण नाही, मग बॅकअप कसला. ती एसडी कार्डावर /वार/लिब/टाकी मध्ये हलवली, आणि मग कलेक्टरमधली माउंटची अट काढूनच टाकली. सकाळी घातलेली ओळ संध्याकाळी काढली.

१८ जून

आजचा दिवस माझ्या शहाणपणाचा. म्हणलं, एक डिस्कतपासणी.सर्व्हिस करू, डिस्क आहे का, स्मार्टची माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती) ठीक आहे का हे सगळ्यांच्या आधी बघेल. ‘सगळ्यांच्या आधी’ म्हणून बिफोर=लोकल-एफएस.टार्गेट लिहिलं. मेन पाडून टाकला, आणि कलेक्टर मेला, ‘/रन/टाकी/सॉक: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. ज्याला हातही लावला नव्हता ते बिघडलं.

/रन/टाकी हे फोल्डर टीएमपीफाइल्सच्या कॉन्फिगमधून बूटच्या वेळी बनतं. ते बनलं नाही, कारण सिस्टिमडी-टीएमपीफाइल्स-सेटअप चाललंच नाही. ते का नाही? लॉगच्या अगदी सुरुवातीला: ‘फाउंड ऑर्डरिंग सायकल’, आणि दोन ओळींखाली, अमुक जॉब ‘डिलीटेड टू ब्रेक ऑर्डरिंग सायकल’.

गोल असा: साध्या सर्व्हिसला आपण काही न लिहिता सिस्टिमडी स्वतःहून काही क्रम जोडतो, त्यात ती सिसइनिट.टार्गेटच्या नंतर येते. सिसइनिट येतं टीएमपीफाइल्स-सेटअपच्या नंतर. ते येतं लोकल-एफएसच्या नंतर. आणि लोकल-एफएस आता माझ्या डिस्कतपासणीच्या नंतर. आधी अंडं की आधी कोंबडी. सिस्टिमडी अशा वेळी बूट अडवत नाही, गोलातला एखादा जॉब उचलून फेकतो आणि पुढे जातो. कुणाला फेकायचं हे तुम्हाला विचारत नाही. माझ्या नव्या सर्व्हिसला फेकलं असतं तर बरं झालं असतं, पण ती चालली मजेत.

असल्या लवकरच्या सर्व्हिसला डिफॉल्टडिपेंडन्सीज=नो लिहून सगळा क्रम स्वतः मांडावा लागतो. मी सर्व्हिसच उडवली, स्मार्टची तपासणी रात्रीच्या टायमरला लावली. /रन/टाकी साठी रनटाइमडिरेक्टरी=टाकी थेट कलेक्टरच्या युनिटमध्ये टाकलं, आता ते फोल्डर कलेक्टर सुरू होतानाच बनतं, दुसऱ्या कोणावर विसंबायला नको. आणि हो, सिस्टिमडी-ॲनलाइझ व्हेरिफाय असा गोल रीबूट न करताच पकडतं. मला हे माहीत होतं. वापरलं नाही.

थोडं विषयांतर. जुन्या इनिट स्क्रिप्टमध्ये एस२०, एस९१ असे आकडे असायचे, आकडा लहान तो आधी, सगळे एका रांगेत. डेबियन ६ पासून स्क्रिप्टच्या हेडरमधली अवलंबित्वं वाचून क्रम लावायला लागले, डेबियन ८ ला सिस्टिमडी डिफॉल्ट झालं. आकड्यांच्या काळात हे असले प्रश्न दिसायचे नाहीत असं लोक म्हणतात. प्रश्न होते, पण सगळं इतकं हळू आणि एकामागे एक चालायचं की डिस्कला गरगरायला आपोआप वेळ मिळायचा.

१९ जून, गुरुवार

लाइट गेली १०:१०, आली ३:३०. सगळं उठलं. डेटाबेस, मॉस्किटो, कलेक्टर, सगळं. मी खूष. ३:३८ ला सेक्रेटरी काकांना अलार्मचा मेसेज, ‘चार मिनिटांत टाकी ७० वरून ३१ टक्के, गळती तपासा.’ काकांनी प्लंबर बोलावला. प्लंबर येऊन गच्चीत फिरून गेला, व्हिजिटचे ३०० रुपये घेऊन गेला.

पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. चालू असताना जी शेवटची वेळ कार्डावर जपून ठेवलेली असते तिथून तो उठतो. म्हणजे ३:३० ला उठला तेव्हा त्याच्या मते सकाळचे १०:११ वाजले होते. मधल्या सव्वापाच तासांत लोकांनी भांडी घासली, अंघोळी केल्या, टाकी ३१ वर आली, आणि हे सगळं पायच्या हिशोबाने चार मिनिटांत घडलं. राउटर उठून इंटरनेट लागून वेळ जुळायला चारेक मिनिटं गेली, आणि मग वेळेने एकदम उडी मारली.

आफ्टर=टाइम-सिंक.टार्गेट लिहायचं मनात आलं, पण एव्हाना दुधाने तोंड पोळलेलं. बघितलं तर तेच. ते टार्गेट एकटं कोणाची वाट बघत नाही, त्यासाठी सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक वेगळी इनेबल करावी लागते. आणि ती केली की दुसरं टोक, तिला टाइमआउटच नाही, इन्फिनिटी. इंटरनेट दिवसभर नसेल तर कलेक्टर दिवसभर सुरू होणार नाही. टाकीची पातळी मोजायला इंटरनेट लागतं हे मी काकांना कोणत्या तोंडाने सांगू.

२२ जून, रविवार

दोन गोष्टी केल्या. डीएस३२३१ चं आरटीसी मॉड्यूल (सेलवर चालणारं घड्याळ) आणलं, आयटूसीवर चार वायरी, कॉन्फिगमध्ये ओव्हरलेची एक ओळ, शेवटची वेळ जपून ठेवणारं फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकलं. (पाय ५ मध्ये आरटीसी बोर्डावरच आहे, सेल वेगळा लावायचा.)

आणि कोडमध्ये, टाइमसिंकडी (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सर्व्हिस) वेळ जुळली की /रन/सिस्टिमडी/टाइमसिंक/सिंक्रोनाइज्ड ही फाइल बनवतो, कलेक्टर ती बघतो. फाइल नसेल तर नोंद ‘वेळ संशयास्पद’ अशा खुणेसह, सोबत मोनोटॉनिक (फक्त पुढे मोजत जाणाऱ्या) घड्याळाचा आकडा, कारण ते उड्या मारत नाही. वेळ जुळली की मागच्या नोंदी हिशोबाने सरकवतो. अलार्म संशयास्पद नोंदींकडे बघतच नाही. मोजायला थांबायचं नाही, फक्त खात्री नसेल तर तसं लिहून ठेवायचं.

२८ जून, शनिवार

अलार्मची सर्व्हिस कलेक्टरच्या नंतर आहे तरी बूटला एकदा दोनदा कलेक्टरचं सॉकेट (त्याच्याशी बोलायचं दार) नाही म्हणून पडते आणि उठते. कलेक्टर टाइप=सिंपल. त्यात सिस्टिमडीच्या लेखी प्रोसेस फोर्क झाली (नुसती जन्माला आली) की ‘सुरू’, पायथन अजून इम्पोर्टच करतोय तोवर अलार्मला हिरवा कंदील. टाइप=नोटिफाय केलं. लायब्ररी लागत नाही, नोटिफाय_सॉकेट या एन्व्हायर्नमेंटमधल्या पत्त्यावर ‘रेडी=१’ एवढाच डेटाग्राम टाकायचा, पाच ओळी.

रेडी कधी म्हणायचं यावर मात्र चहा गार झाला. आधी डेटाबेस लागल्यावर म्हणत होतो, तर डेटाबेस उशिरा आला की ९० सेकंदांनी सिस्टिमडी कलेक्टरलाच मारून टाकायचा. आता सॉकेट उघडलं की रेडी. डेटाबेस येईल तेव्हा येईल, तोवर सीएसव्ही आहे.

पंपाच्या मीटरचा यूएसबी-आरएस४८५ कन्व्हर्टर पण सिस्टिमच्या लेखी कधी टीटीवाययूएसबी० तर कधी १ होतो, सीएच३४० च्या स्वस्त कन्व्हर्टरना स्वतःचा सीरियल नंबर नसतो म्हणून बाय-पाथवरून, म्हणजे कुठल्या पोर्टला लावलाय त्यावरून, नाव दिलं. झालं.

३ जुलै, गुरुवार

सुट्टी टाकली. लॅपटॉप घेऊन सकाळी साडेनऊपासून पंप रूममध्ये, जर्नलसीटीएल -एफ लावून, डास मारत. लाइट गेलीच नाही. दुपारी दोनला वॉचमन काका म्हणाले, "आज काम नाहीये त्यांचं, मला सकाळीच माहीत होतं." मेन पाडू का विचारलं तर म्हणाले गॅस गळतीवालं आधीच प्लंबरचं झालंय, आता राहू द्या. गळती पाण्याची होती, गॅसची नाही, पण वाद घातला नाही.

८ जुलै, मंगळवार

रात्री पाऊस, २:१७ ला लाइट गेली, ४:०३ ला आली. मी झोपेत. सकाळी दात घासत लॉग वाचले.

४:०३:२६ मॉस्किटो सुरू, आयपी नसताना. २८ ला कलेक्टर रेडी. ३१ पर्यंत अलार्म. डिस्क माउंट ३९ ला, या वेळी तेरा सेकंद घेतले. पोस्टग्रेस ४५ ला. कलेक्टरने तोवर सीएसव्हीत शून्य नोंदी लिहिल्या, कारण राउटरच नव्हता तर ईएसपी बोलणार कुठून. पहिला मेसेज ४:०५:४९. आरटीसीमुळे वेळ बरोबर, तरी पहिल्या सहा नोंदींवर संशयास्पदचा शिक्का, नंतर तो निघाला.

ग्राफानावर २:१७ ते ४:०५ रिकामी जागा आणि दोन्ही बाजूंना ६४ टक्के. रात्री पाणी कोण वापरणार. सेक्रेटरी काकांचा फोन आला नाही. सीएसव्हीच्या त्या नऊ जुन्या फाइली अजून आयात करायच्यात, मार्चपासूनच्या, आणि त्यातल्या वेळा कुठल्या घड्याळाच्या आहेत ते आधी बघावं लागेल.